किशोरींसोबत माध्यमांतील स्त्री-चित्रणाचे वर्ग कसे घ्यावेत : नाशिकमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

आठवी ते दहावीच्या मुली रोज वर्तमानपत्र चाळतात, आईसोबत मालिका पाहतात आणि हाती मोबाइल आला की रील्स बघतात. या सगळ्यांतून स्त्री कशी दिसते, कशी बोलते आणि कोणत्या कामाला लायक समजली जाते याचे एक चित्र त्यांच्या मनात तयार होत असते. त्या चित्राविषयी मुलींशी बोलावे असे अनेक शिक्षिकांना, ग्रंथपालांना आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या स्वयंसेविकांना वाटते. परंतु सुरुवात कोठून करावी, शाळेला काय सांगावे आणि विषय उपदेशाकडे घसरू नये म्हणून काय करावे हे कळत नाही. मी हे वर्ग नाशिक शहरातील शाळांत, सिडको आणि सातपूरच्या वस्त्यांत आणि आदिवासी भागातील आश्रमशाळांत घेत आले आहे. त्या अनुभवातून जी पद्धत उपयोगी ठरली ती येथे क्रमाने देत आहे. वीस ते पंचवीस मुलींचा गट आणि आठवड्याला दीड तासाचे एक सत्र, अशी पाच-सहा सत्रे धरून ही आखणी केलेली आहे.

१. आधी मोजणी, मग मत

या विषयावरचा वर्ग सर्वांत सहज बिघडतो तो पहिल्या दहा मिनिटांत, जेव्हा शिकवणारी व्यक्ती ‘माध्यमे स्त्रियांना वाईट पद्धतीने दाखवतात’ असे सांगून टाकते. मुली मान डोलावतात, वहीत उतरवून घेतात आणि घरी जाऊन तीच मालिका त्याच नजरेने पाहतात, कारण निष्कर्ष तुमचा असतो, त्यांचा नसतो. म्हणून संपूर्ण कार्यक्रमात एक नियम पाळा: जे सांगायचे आहे ते मुलींना आधी मोजू द्या, मांडू द्या, आणि त्यानंतरच त्यावर बोला. स्वतः मोजलेली गोष्ट मुलगी सहसा विसरत नाही आणि घरी कोणी वाद घातला तर तिच्याजवळ दाखवायला आकडाही असतो.

दुसरे असे की, हा वर्ग मुलींनी कोणते कपडे घालावेत किंवा कसे वागावे हे शिकवण्यासाठी नाही, हे स्वतःशी पक्के ठरवा. शाळेतील एखाद्या ज्येष्ठ शिक्षकांना किंवा पालकांना विषयाचे नाव ऐकून हा ‘संस्कारवर्ग’ वाटू शकतो आणि ते त्याच कारणासाठी तुम्हाला आनंदाने परवानगी देतील. ती परवानगी जरूर घ्या, परंतु सत्रात काय होणार आहे हे लेखी द्या, म्हणजे पुढे गैरसमज होत नाही.

२. परवानगी आणि कागदपत्रे

खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांची लेखी परवानगी बहुधा पुरते. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांसोबत मनपाच्या शिक्षण विभागाकडेही अर्ज द्यावा लागतो. शासकीय आश्रमशाळेसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. जिल्ह्यात नाशिक आणि कळवण अशी दोन प्रकल्प कार्यालये आहेत, तेव्हा शाळा कोणत्या प्रकल्पात येते हे आधी विचारून घ्या, नाही तर अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतो. वस्तीत गट घ्यायचा असेल तर अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्याशी आधी बोलणे हाच सरळ मार्ग आहे, कारण घरोघरी त्यांच्याच शब्दावर मुलींना पाठवले जाते.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी:

– संस्थेच्या किंवा स्वतःच्या नावाने विनंतीपत्र, त्यात दिवस, वेळ, इयत्ता आणि मुलींची अपेक्षित संख्या.
– प्रत्येक सत्रात काय घेणार आहात याची एक पानी रूपरेषा, मराठीत.
– ओळखपत्राची प्रत. काही शाळा पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्रही मागतात, ते मिळण्यास वेळ लागतो म्हणून अर्ज आधी करावा.
– पालकांचे संमतिपत्र. त्यात छायाचित्राची संमती वेगळ्या ओळीत विचारावी आणि ‘नाही’ हा पर्याय स्पष्ट छापावा.
– मुलींची स्वतःची संमती. पालक हो म्हणाले म्हणून मुलगी बसलीच पाहिजे असे नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगावे.

छायाचित्रांबाबत मी फार काटेकोर राहण्याचा आग्रह धरते. स्त्रियांची छायाचित्रे त्यांना न विचारता वापरली जातात हे शिकवणाऱ्या वर्गातील मुलींचे चेहरे त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी स्टेटसवर झळकावेत, हे योग्य नाही. अहवालासाठी मुलींचे हात, तक्ते आणि भित्तीपत्रके यांची छायाचित्रे पुरेशी असतात.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. जुलै-ऑगस्ट आणि दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंतचा काळ सोयीचा असतो. जानेवारीनंतर दहावीच्या मुली मिळत नाहीत. शनिवारी बहुतेक शाळा सकाळी लवकर सुटतात, त्यानंतरचा दीड तास मागितला तर मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत.

३. साहित्य

एका आठवड्याची मराठी वर्तमानपत्रे लागतात, शक्यतो दोन वेगवेगळ्या दैनिकांची आणि रविवारच्या अंकासह. रद्दीवाल्याकडे किंवा वाचनालयात विचारल्यास जुने अंक मिळतात. याशिवाय कात्र्या, डिंक, तक्त्याचा कागद, स्केचपेन, मोजणीचे छापील तक्ते आणि एक मोबाइल व लहान स्पीकर. प्रोजेक्टर असला तर ठीक, नसला तरी काहीही अडत नाही. किंबहुना कागद हातात असताना मुली जास्त बोलतात.

४. पहिले सत्र : वर्तमानपत्राची मोजणी

सर्वाधिक वेळ या सत्राला द्या, कारण पुढचे सगळे यावर उभे राहते. चार-पाच मुलींच्या प्रत्येक गटाला एक पूर्ण अंक आणि मोजणीचा तक्ता द्यावा. तक्त्यात हे रकाने असावेत: पान क्रमांक, छायाचित्रात किंवा बातमीत स्त्री आहे की पुरुष, नाव छापले आहे का, पद किंवा व्यवसाय दिला आहे का, कोणाची तरी आई, पत्नी किंवा मुलगी एवढीच ओळख आहे का, त्या व्यक्तीचे स्वतःचे म्हणणे छापले आहे का, आणि ती काय करताना दिसते.

अर्ध्या तासात मुलींच्या लक्षात काही गोष्टी आपोआप येऊ लागतात. उद्घाटनाच्या छायाचित्रात फीत कापणाऱ्या पाहुण्यांची नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने दिलेली असतात आणि आरतीचे तबक घेऊन उभ्या असलेल्या मुलींविषयी ‘विद्यार्थिनींनी स्वागत केले’ एवढेच असते. उन्हाळ्यात पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील पाणीटंचाईची बातमी आली की सोबत डोक्यावर हंडे घेतलेल्या बाईचे छायाचित्र असते; त्याखाली पाण्यासाठीच्या वणवणीची ओळ असते, परंतु त्या बाईचे नाव नसते आणि ती काय म्हणाली तेही नसते. बातमीत बोलतात ते सरपंच, अभियंता आणि लोकप्रतिनिधी. एका आश्रमशाळेत अशा छायाचित्राकडे बराच वेळ पाहून एक मुलगी म्हणाली, ‘ही बाई आमच्या बाजूच्या पाड्यावरची असेल, पण पेपरात ती कोणाचीच नाही.’ मोजणीतून मुलींना जे दिसायला हवे ते हेच.

सर्व गटांचे आकडे फळ्यावर एकत्र केल्यानंतरच बाहेरचा आकडा सांगा. जगभरातील बातम्यांची अशी मोजणी १९९५ पासून दर पाच वर्षांनी ‘ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट’ या उपक्रमात केली जाते. १९९५ मध्ये बातम्यांत ज्यांच्याविषयी लिहिले जाते किंवा ज्यांचे म्हणणे घेतले जाते अशा व्यक्तींमध्ये स्त्रियांचे प्रमाण १७ टक्के होते. २०२० मध्ये ते २५ टक्के झाले. मुलींचा स्वतःचा आकडा याच्या आसपास आला किंवा त्याहून वेगळा आला, तरी दोन्ही परिस्थितींत चर्चा चांगली होते.

येथे एक अडचण हमखास येते, ती आधीच ओळखून ठेवा. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचे नाव नसते आणि मुली ते ‘नाव छापले नाही’ या रकान्यात अन्याय म्हणून नोंदवतात. तेव्हा त्यांना समजावून सांगा की हे नाव गाळणे कायद्याने बंधनकारक आहे: भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करते आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायदा, २०१२ याचे कलम २३ माध्यमांवर तेच बंधन घालते. नाव नसणे कधी उपेक्षा असते आणि कधी संरक्षण, हा फरक या वयातील मुलींना नीट कळतो.

दीड तासातला शेवटचा भाग मथळ्यांसाठी ठेवा. ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला’ असा मथळा फळ्यावर लिहा आणि हल्ला कोणी केला हे मथळ्यात कोठे आहे ते विचारा. मग मुलींना तो नव्याने लिहायला सांगा. ‘नकार दिल्याच्या रागातून तरुणाचा तरुणीवर हल्ला’ असे काहीतरी त्या लिहितात आणि हल्ल्याचे कारण प्रेम नव्हते हे कोणी न सांगता पुढे येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध कल्पना आणि त्यांतून येणारे शब्द टाळण्यासाठी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. न्यायाधीशांनाही शब्द तपासून वापरावे लागतात, ही गोष्ट मुलींना फार महत्त्वाची वाटते. मथळे निवडताना मात्र रक्तपाताचे तपशील असलेल्या बातम्या घेऊ नका, आणि ज्या वस्तीत वर्ग आहे तेथील घटना तर अजिबात घेऊ नका.

५. दुसरे सत्र : जाहिराती

मुलींना एक जाहिरात आधी आवाज बंद करून दाखवा, मग चित्र न दाखवता फक्त ऐकवा. कपडे धुण्याच्या पावडरीची किंवा मसाल्याची कोणतीही जाहिरात चालते. घर कोण अस्वच्छ करते, कोण आवरते, वस्तू कोण वापरते आणि शेवटी तिची खात्री कोणाच्या आवाजात दिली जाते, हे चार प्रश्न पुरतात. त्यानंतर सांगा की ‘आस्की’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२२ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि घरातील सर्वांनी पसारा करायचा व तो आवरण्याची जबाबदारी एकट्या बाईची, असे चित्रण करू नये हे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

रंगाचा प्रश्न मुलींच्या अगदी जवळचा असतो. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमचे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ असे बदलण्यात आले. नाव बदलल्यावर जाहिरातीतील चेहरे, उजेड आणि बोलणे यांत काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे मुलींनाच शोधू द्या. सोबत रविवारच्या अंकातील वधू-वर सूचक जाहिराती द्याव्यात. ‘गोरी, सुंदर, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ हे शब्द किती जाहिरातींत येतात आणि मुलाविषयी कोणते शब्द येतात, याचे दोन रकाने केले की वेगळे काही बोलावे लागत नाही.

शहरातील गटांसाठी फलकांची फेरी उपयोगी पडते. कॅनडा कॉर्नर ते कॉलेज रोड या भागात दागिने, साड्या, कोचिंग क्लासेस आणि बांधकाम प्रकल्पांचे फलक एका चालण्यात मोजता येतात. स्त्री कोणत्या वस्तूच्या फलकावर आहे आणि कोणत्या वस्तूच्या फलकावर नाही, एवढेच नोंदवायचे. दोन मोठ्या व्यक्ती सोबत असाव्यात आणि शाळेची फेरीसाठी स्वतंत्र परवानगी असावी.

ग्रामीण गटांसाठी कृषी सेवा केंद्रांची पत्रके घ्या. निफाड-पिंपळगाव पट्ट्यातील द्राक्षबागांत विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), खुडणी आणि पॅकिंग ही कामे मोठ्या प्रमाणावर बायका करतात, आणि ज्या मुलींच्या आया रोज या कामावर जातात त्या मुलींना औषधांच्या आणि ट्रॅक्टरच्या पत्रकांवर शेतकरी म्हणून कोण दिसतो हे विचारले की वर्गात काही क्षण कोणी बोलत नाही आणि मग सगळ्या एकदम बोलू लागतात. त्या वेळी तुम्ही मध्ये पडू नका.

६. तिसरे सत्र : मालिका आणि चित्रपट

सुरुवात नाशिकपासूनच करावी. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे झाला आणि १९४४ मध्ये नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, हे बहुतेक मुलींना माहीत असते. त्यांच्या १९१३ मधील पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण काम करण्यास स्त्री मिळाली नाही, हे मात्र माहीत नसते. त्याच वर्षीच्या फाळके यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, आणि १९१९ मध्ये फाळके यांच्या स्वतःच्या मुलीने, मंदाकिनीने, बाळकृष्णाची भूमिका केली. पडद्यावर स्त्री दिसणे आणि स्त्रीची गोष्ट सांगितली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून सोपे जाते.

त्यानंतर अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ मधील व्यंगचित्रमालिकेतून प्रसिद्ध झालेली कसोटी द्यावी: गोष्टीत किमान दोन स्त्रिया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाव्यतिरिक्त दुसऱ्या कशाविषयी बोलतात का. मुलींनी घरी पाहिलेल्या मालिकेच्या एका भागाला ही कसोटी लावून यावे. या कसोटीच्या मर्यादाही सांगाव्यात. मराठी मालिकांत स्त्रिया भरपूर असतात आणि एकमेकींशी सतत बोलतात, त्यामुळे कसोटी उत्तीर्ण होणाऱ्या मालिकेतही दोन जावा फक्त एकमेकींविरुद्ध कट रचत असतील तर काय म्हणायचे, हा प्रश्न मुली स्वतःच विचारतात. म्हणून मी आणखी काही नोंदी करायला सांगते: नायिकेला नोकरी असेल तर ती कामावर किती वेळ दिसते, घरातील पैशाचा निर्णय कोण घेते, सोशिक बाई आणि कारस्थानी बाई यांची टिकली, साडी आणि पार्श्वसंगीत यांत काय फरक असतो. शेवटच्या नोंदीवर मुलींचे निरीक्षण मोठ्यांपेक्षा फार बारीक असते.

मुलींना आवडणारी मालिका वाईट ठरवू नका. ती त्यांच्या आईसोबत पाहण्याची, एकत्र जेवण्याची वेळ असते, आणि तुम्ही तिला नावे ठेवली की मुलगी घरच्या बाजूने उभी राहते. आवडते ते पाहावे आणि पाहताना प्रश्नही विचारावेत, एवढीच अपेक्षा ठेवा.

७. चौथे सत्र : रील्स, फिल्टर आणि स्वतःचा चेहरा

आश्रमशाळेतील मुलींकडे मोबाइल नसतो, तेथे हे सत्र संक्षेपात घ्या. शहरातील गटांत मात्र हाच भाग सर्वांत नाजूक आहे. प्रात्यक्षिकासाठी मुलींचे चेहरे कधीही वापरू नका. स्वतःचा चेहरा वापरा. फिल्टर लावून आणि काढून दाखवा, आणि त्वचेचा रंग, नाकाची रुंदी, डोळ्यांचा आकार व हनुवटी यांपैकी काय बदलले ते मुलींना लिहायला सांगा. यंत्राला कोणता चेहरा ‘सुंदर’ वाटतो याचे उत्तर त्या यादीतूनच मिळते.

रील्सचा क्रम कसा ठरतो हेही सांगावे: ज्या व्हिडिओवर आपण जास्त वेळ थांबतो तसेच व्हिडिओ पुन्हा येतात, मग ते आवडले म्हणून थांबलो की अस्वस्थ होऊन, यात यंत्र फरक करत नाही. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसे नमूद करणे आस्कीच्या २०२१ च्या तत्त्वांनुसार अपेक्षित आहे. मुलींना ती खूण शोधायला शिकवा. इन्स्टाग्रामवर खाते उघडण्याचे किमान वय १३ वर्षे आहे, हेही सांगा, परंतु कोणाचे खाते आहे याची वर्गात चौकशी करू नका.

८. एखादी मुलगी स्वतःविषयी सांगू लागली तर

हा विषय निघाला की कोणी तरी आपला फोटो पसरवला गेल्याचे, कोणी धमकावत असल्याचे किंवा घरातील त्रासाचे सांगू शकते. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिला शांतपणे ऐका, इतर मुलींसमोर खोदून विचारू नका, आणि पुढे काय करणार आहात हे तिला आधी सांगा. बालकांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. फोटो किंवा व्हिडिओचा गैरवापर असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवावी, मात्र आक्षेपार्ह चित्र स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेऊ नये. शाळेतील सखी सावित्री समितीच्या, म्हणजे मुलींच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या समितीच्या, सदस्या कोण आहेत, हे पहिल्या सत्राआधीच विचारून ठेवा.

याच भागात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. जाडी, रंग, उंची, केस यांवर वर्गात कोणाचेही उदाहरण देऊ नये, कौतुकानेही नाही. ‘तू किती छान सावळी आहेस’ हे वाक्य चांगल्या हेतूने बोलले तरी पंचवीस जणींच्या नजरा एका मुलीच्या चेहऱ्यावर वळतात.

९. तक्रार करायला शिकवा

मुलींना एखादी जाहिरात खटकली तर ती कोठे सांगायची हे माहीत असले पाहिजे. जाहिरातीविरुद्ध आस्कीच्या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. जाहिरात कोठे व कधी दिसली आणि नेमके काय आक्षेपार्ह आहे हे लिहावे लागते. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाची तक्रार आधी त्या वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाते आणि वाहिनीने १५ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित असते. वर्तमानपत्राच्या बाबतीत प्रथम संपादकांना पत्र लिहायचे आणि समाधान झाले नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जायचे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा १९८६ चा कायदाही आहे, परंतु त्यापासून सुरुवात करू नका. चर्चा लगेच कपड्यांकडे वळते आणि बाकीचे सगळे मागे पडते.

१०. शेवटची सत्रे : मुलींचे स्वतःचे पान

शेवटी मुलींनी एक भित्तीपत्रक तयार करावे. प्रत्येक गटाने परिसरातील एका बाईची मुलाखत घ्यावी: द्राक्षबागेतील टोळीची मुकादम, अंबड-सातपूरच्या कारखान्यातील कामगार, एसटीची वाहक, बचतगटाची अध्यक्षा. तिचे नाव, तिचे काम, तिचे स्वतःचे शब्द आणि तिने संमती दिलेले छायाचित्र किंवा रेखाचित्र असावे. नमुना म्हणून त्र्यंबकेश्वर परिसरातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्यावरील बातम्या वाचायला द्याव्यात. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्यावरील वेगवेगळ्या मजकुरांत धावण्याविषयी किती आहे आणि गरिबीविषयी किती आहे, हे मुलींनी अधोरेखित करून मग आपली मुलाखत लिहावी.

ज्या बाईवर लिहिले तिला मजकूर वाचून दाखवल्याशिवाय पत्रक लावू नये. पत्रक शाळेच्या दर्शनी भागात किंवा वाचनालयात लावता येते. १८४० मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेकडेही जागेसाठी विचारणा करावी. मोजणीचे सर्व तक्ते एका फाइलमध्ये तारीख घालून शाळेच्या ग्रंथपालांकडे ठेवा. पुढील वर्षीच्या आठवीच्या मुलींनी तीच दैनिके, तोच आठवडा आणि तेच रकाने घेऊन मोजणी करावी, म्हणजे दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येतील आणि संपादकांना पत्र लिहिताना ते सोबत जोडता येतील.